हातच्या कागदांचा संचय

गेल्या ज्येष्ठात आमच्या शाळेच्या कार्यालयामागील खोलीची कौले उतरवून छप्पर दुरुस्त करावे असे ठरले आणि त्या निमित्ताने तेथील तीन लाकडी कपाटे कित्येक वर्षांनी रिकामी करावी लागली. कपाटांत जुनी हजेरीपत्रके असतील अशी माझी समजूत होती. निघाले ते निराळेच. गुरुपौर्णिमा, शिक्षकदिन, दिवाळी, संक्रांत अशा प्रसंगी मुलांनी स्वतः तयार करून शिक्षकांना दिलेली शुभेच्छापत्रे, घोटीव आणि क्रेप कागदाची फुले, काड्या मोडलेले आकाशकंदील, झिरमिळ्यांची तोरणे, पुठ्ठ्याचा शाही किल्ला आणि पुठ्ठ्याचाच असीरगड, ज्याचे दोन बुरूज उंदरांनी घेतले होते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा हा संचय कोणी मुद्दाम केलेला नव्हता. मुलाच्या हातची वस्तू टाकवत नाही, आणि ती जपून ठेवावी असेही कोणी ठरवीत नाही. या दोहोंच्या मध्ये कपाट हा आपला नेहमीचा आसरा असतो.

गवंडी आठ दिवसांनी येणार होते. तेवढ्या अवधीत या कागदांचे काय करावयाचे याचा निर्णय घेणे भाग होते. एका सहकाऱ्यांनी रद्दीवाल्यास बोलवावे असे सुचविले. आमचा शिपाई म्हणाला, ‘‘सर, अक्षर लिहिलेल्या कागदाला पाय लागू नये. पोती भरून तापीत सोडून देऊ.’’ चित्रकला शिकविणाऱ्या बाईंचे म्हणणे असे की, एकही कागद टाकू नये. तिन्ही मतांत तथ्य होते आणि तिन्ही मते आपल्याकडे फार जुनी आहेत. प्रस्तुत लेखक इतिहासाचा संशोधक नव्हे. कला शाखेचा एक साधा पदवीधर आणि पोटापुरता इतिहास शिकविणारा शिक्षक. परंतु ज्या गावात आपण राहतो त्या गावाने आणि आपल्या मराठी मुलखाने हाताने केलेल्या कागदी वस्तूंचे पूर्वी काय केले, हे एकदा पाहून मगच कपाटाला हात घालावा असे मनात आले.

आरंभ घरापासून करावा. बऱ्हाणपूर हे सुरत-आग्र्याच्या वाटेवरचे, कापडाचे आणि लष्कराचे गाव म्हणून प्रसिद्ध. पण सतराव्या शतकाच्या प्रारंभी ते पुस्तकांचेही गाव होते, ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही. दक्षिणेचा सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान येथे दीर्घकाळ राहिला. त्याच्या पदरी ग्रंथालय होते, आणि ग्रंथालय म्हणजे नुसती पुस्तकांची खोली नव्हे. तेथे लेखक, चित्रकार, सोनेरी काम करणारे, बांधणीकार असे सगळे कारागीर असत. अब्दुल बाकी नहावंदी याने १६१६ साली पूर्ण केलेल्या ‘मआसिर-ए-रहीमी’ या ग्रंथात रहीमच्या चरित्राबरोबर या कारागिरांचीही नावनिशी नोंद आहे. रहीमने करवून घेतलेले सचित्र फारसी रामायण आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. त्याच्या आरंभीच्या पानावर रहीमने स्वतःच्या हाताने टिपण लिहून ठेविले आहे. चित्रे सुंदर आहेत यात शंका नाही; तथापि सुंदर चित्रे अनेक होती आणि गेली. या पोथीला तिची कुळकथा आपल्या पाठीवर घेऊन हिंडता आले, ते त्या टिपणामुळे.

मोगल दरबारात सुटे कागद पुष्कळ साठत. कोणी सुलेखनाचा नमुना देई, कोणी फुलाचे चित्र देई, कोणी युरोपातून आलेला छाप देई. या सुट्या पानांना समास लावून, ती जाड कागदावर चिकटवून त्यांची एकत्र बांधणी करीत. तिला मुरक्का म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ ठिगळे जोडून केलेले वस्त्र असा आहे. आपल्या आज्यांची वाकळ आणि बादशहाची चित्रवही यांची कल्पना मुळात एकच, हे मला फार हृद्य वाटते. आमच्या शाळेतील चिकटवही याच कुळातील.

या मुरक्क्यांपैकी एकाचा बऱ्हाणपूरशी नात्याने संबंध पोचतो. शहाजादा दारा शुकोह याने आपली पत्नी नादिरा बानू हिला एक चित्रवही भेट दिली. नादिराचा पिता शहाजादा परवेझ १६२६ साली बऱ्हाणपुरात वारला. दाराची माता मुमताज महल १६३१ साली याच गावी बाळंतपणात वारली. १६३३ साली आग्र्यास दोघांचा विवाह झाला. एकाचे मातृछत्र आणि दुसरीचे पितृछत्र जेथे हरपले ते हे आमचे गाव. वहीत फुले आहेत, पक्षी आहेत, तरुण-तरुणींची चित्रे आहेत; पतीने पत्नीस दिलेले हे एक प्रकारचे भेटकार्डच, फक्त फार मोठे. ती कोणी कोणास दिली हे दाराने आरंभी लिहिले होते. १६५९ साली औरंगजेबाने दाराचा वध करविला आणि त्यानंतर कोणीतरी त्या लेखावर सोनेरी रंग फिरविला. नाव झाकले गेले, वही मात्र कोणी फाडली नाही. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि रंगाखालचा लेख अभ्यासकांनी वाचला आहे. वही एवढी मोलाची होती, तरी झाकावेसे वाटले ते दोन ओळींचे लिहिणे. यावरून त्या दोन ओळींचे वजन कळते.

‘कार्ड’ या शब्दाने आणखी एका वस्तूची आठवण होते. छापील पत्ते येण्यापूर्वी आपल्याकडे हाताने रंगविलेले गोल गंजिफे खेळत. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने अकबराच्या गंजिफ्याचे वर्णन केले आहे. मोगल गंजिफ्यात आठ रंगांची ९६ पाने. आपल्याकडे त्याचे दशावतारी रूप झाले : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. सावंतवाडी हे या कलेचे मराठी घर. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने जोडावयाचे, त्यावर रंगाचे हात द्यावयाचे, लाखेचे रोगण चढवावयाचे आणि सगळी पाने चित्रांकित लाकडी पेटीत ठेवावयाची. या खेळात एक पान हरवले की उरलेली ११९ निकामी. म्हणून पेटी जपली गेली तेथे संच टिकला. पेटी फुटली तेथे मत्स्यावतार एका घरी आणि वामन दुसऱ्या घरी अशी पाने पांगली व पोरांच्या खेळात संपली.

गंजिफ्याच्या कथेत माझ्या विचारास अडचण करणारी एक गोष्ट आहे, ती लपविणे योग्य नव्हे. स्वस्त छापील पत्त्यांपुढे ही कला मावळत आली असता १९७०च्या सुमारास सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. राजवाड्यात जुने संच नव्हते असे नाही. परंतु नुसत्या संचांवरून ते काम झाले नसते. जुन्या पद्धतीने काम जाणणारा एक वृद्ध चितारी हयात होता, त्याच्या हाताखाली नवे हात तयार झाले. अर्थात, वस्तू जपली म्हणजे कला जपली असे होत नाही. बाईंच्या ‘एकही कागद टाकू नये’ या मताला हे उत्तर मी मनात जपून ठेविले. बोलून दाखविले नाही, कारण मुलांचे हात तयार करण्याचे काम त्याच करीत होत्या.

आता शिपायाच्या मताकडे वळू. विसर्जन हा आपल्या संस्कृतीतील एक आदरणीय मार्ग आहे, त्यास अडाणीपणा म्हणू नये. गणपती जातो, गौर जाते, मोहरमात बांबूच्या कामट्या व रंगीत कागद यांचे ताबूत थंडे होतात. रात्ररात्र जागून कातरलेली ती कागदी जाळी पाण्यात जाणार हे ती कातरणाऱ्यास ठाऊक असते, आणि म्हणून त्याचा हात आळसत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कागदावर रंगविलेल्या चित्रांच्या पोथ्या समोर धरून रामायण-महाभारताच्या कथा गात. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटविलेले असत. जीर्ण झालेली पोथी अडगळीत टाकण्याऐवजी पाण्यास अर्पण करावी असा त्यांचा रिवाज. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी उरलेल्या पोथ्या सांभाळून आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले व २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पैठणकडील अशीच चित्रे पुण्यास राजा केळकर संग्रहालयात आहेत. दिनकर गंगाधर केळकर यांनी बालवयात गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच.

पण ज्या पाण्याने चित्रकथ्यांच्या पोथ्यांना सन्मानाने पोटात घेतले त्याच पाण्याने मराठ्यांच्या इतिहासाची किती दप्तरे गिळली! १७६०च्या उदगीरच्या तहाने बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. तेव्हापासून या गावी मोडी कागद किती झाले असतील याची कल्पना करावी. हिशेब, वराता, सनदा, खासगी पत्रे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, आणि पुढे बावीस खंड झाले. या भ्रमंतीत त्यांना जे दिसले ते त्यांच्या प्रस्तावनांतून आपण वाचले आहे : वाळवीने खाल्लेली दप्तरे, माळ्यावर सडलेली दप्तरे, रद्दीत गेलेली दप्तरे आणि दाखविण्यास नकार देणारे मालक. आमच्या शेजारच्या धुळ्यास १९२६च्या अखेरच्या दिवशी राजवाडे वारले; तेथे लगेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची बाडे मिळविण्यात आयुष्य वेचले. या मंडळींनी बादशाही चित्रे जमविली नाहीत. ज्यास कोणी विचारीत नव्हते असा कागद जमविला. खानदेशच्या एका टोकास असे कार्य झाले असता दुसऱ्या टोकास आपण पोती भरून तापीत सोडावीत, हे मला रुचेना.

रद्दीचा मार्ग उरला. त्याविषयी सुशिक्षितांच्या मनात जी तुच्छता असते ती निराधार आहे. जुन्या काळी कागद दुर्मीळ, म्हणून पाठकोरा कागद कोणी टाकीत नसे. आमच्याही लहानपणी पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवून मिळत. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद होई, त्याच्या लगद्यात जुने दोर, चिंध्या आणि जुना कागदही जाई. हौदातून साच्यावर उचललेला ताव वाळवून, खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटीत. मुलांच्या हस्तकलेच्या ‘घोटीव कागदा’ला आता कोणी दगडाने घोटीत नाही, नाव मात्र तेच राहिले आहे. आमच्या गावाचे नाव ज्यांच्यावरून पडले ते संत बुऱ्हाणुद्दीन गरीब खुलदाबादेस चिरविश्रांती घेत आहेत, आणि कागजीपुरा तेथून जवळच.

याहून जवळचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. नेपानगरची वृत्तपत्री कागदाची गिरणी ही देशातील पहिली. १९४७ साली कंपनी स्थापन झाली, १९५५ साली उत्पादन निघू लागले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी ती राष्ट्रास अर्पण केली. सातपुड्यातील सलई आणि बांबू यांपासून तेथे कागद होई. पुढे जंगलाचा माल पुरेना तेव्हा गिरणी रद्दी कागदाकडे वळली. २०१६ साली यंत्रे बदलण्यासाठी उत्पादन थांबले, २०२२ साली पुन्हा सुरू झाले. गावोगावच्या वह्या, खोकी, वृत्तपत्रे यांची शाई धुऊन त्यांचा पुन्हा कागद करावयाचा, हे काम आमच्या दाराशी चालत आले आहे. मुलाच्या हातचा कागद तेथे गेला तर त्यात अवमान कसला? फक्त आधी कोणीतरी तो वाचलेला असावा.

हे ‘वाचलेला असावा’ मी का म्हणतो ते सांगितले पाहिजे. २००१ साली माझी आई गेली. घर आवरताना एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात आईच्या रुखवतातील कागदी वस्तू होत्या : कागदाची पालखी, मोराची जोडी, सुपाऱ्यांना नेसविलेल्या कागदी साड्या आणि रांगोळीचे व भरतकामाचे कागदी खाके. रंग उडाले होते, कसर लागली होती. मी शिकलेला माणूस. सर्व काही रद्दीवाल्यास दिले आणि पेटी तेवढी ठेविली. वर्षश्राद्धास मावशी आली. तिने खाके मागितले. प्रत्येक खाक्याच्या मागे आईने तो कोणाकडून शिकला ते नाव व गाव लिहिले होते : रावेरची आत्या, नशिराबादची शेजारीण, कोणी एक ‘बोहरीण मैत्रीण’. चाळीस वर्षांतील बायकांच्या जाण्यायेण्याचा आणि एकमेकींस शिकविण्याचा तो इतिहास होता, आणि तो लिहिणारी माझ्याच घरात होती. मी कागद उलटा करून पाहिला नव्हता. मावशी काही बोलली नाही. तिने पेटी उघडून पाहिली आणि मिटली.

म्हणून कपाटांतील कागदांना या वेळी आम्ही उलटे करून पाहिले. दोन शिक्षिका, मी आणि आठवीची पंधरा मुले असे आठ दिवस दुपारी बसत होतो. जो कागद कोणी, कोणास, केव्हा दिला हे सांगतो, किंवा ज्यावर मुलाने स्वतःचे असे एखादे वाक्य लिहिले आहे, तो ठेवावयाचा. बाकीच्यास निरोप द्यावयाचा, असा नियम केला. मुले या कामात माझ्यापेक्षा निष्ठुर निघाली. सुबक, चमकीने मढविलेली, पण शुभेच्छेचे ठराविक शब्द उतरवून काढलेली कार्डे त्यांनी भराभर बाजूस सारली आणि वेड्यावाकड्या अक्षरांच्या एका चिठोऱ्यासाठी आपसांत वाद घातला.

वर्षवार ढीग लावल्यावर जे दिसले त्यासाठी माझी तयारी नव्हती. पहिल्या दहा-बारा वर्षांच्या कार्डांवर मराठी वाक्ये आहेत, तीही आमच्या बऱ्हाणपुरी मराठीतली. मधूनच हिंदी क्रियापद, मधूनच अहिराणीचा हेल. ‘बाई तुम्ही मला वरडल्या तरी मला आवडता’ असे एकीने लिहिले आहे. त्यानंतर हिंदी वाढते. त्यापुढे इंग्रजी येते आणि वाक्ये आखूड होतात; शेवटच्या काही वर्षांत मराठी केवळ मुलांच्या आडनावांत उरली आहे. आमच्या शाळेत मराठी घेणारी मुले घटली हे हजेरीपत्रकावरून मला माहीत होतेच. पण ती कोणत्या वर्षी, कोणत्या शब्दापासून मागे सरली, हे हजेरीपत्रक सांगत नाही. परप्रांतातील मराठीविषयी आपण अधिवेशनांतून ठराव करतो. त्या विषयाचे एक दप्तर आमच्या कार्यालयाच्या मागे पडून होते आणि मी त्यास अडगळ म्हणत होतो.

ठेवण्याजोगे कागद निघाले ते चारशेच्या आत. त्यांची छायाचित्रे काढली, परंतु छायाचित्रावर विसंबावयाचे नाही असे ठरविले. जाड कागदाच्या पाकिटांत वर्षवार घालून, पेशवे दप्तराच्या पद्धतीने तांबड्या कापडाच्या रुमालात बांधले. प्रत्येक रुमालावर चिठ्ठी लाविली. पाच रुमाल झाले. घोटीव कागदाची फुले आणि तोरणे मुलांनी टिकल्या, चमकी, टाचण्या काढून भिजत घातली. प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली कार्डे मात्र ना भिजतात ना कुजतात. ती अद्याप पोत्यात आहेत, त्यांचे काय करावे हे मला उमगलेले नाही. एका मुलाची आजी येऊन भिजल्या लगद्यात वाटलेली मेथी मिसळून टोपल्या थापावयास शिकवून गेली. घमेले उपडे घालून त्यावर थापलेल्या त्या नऊ टोपल्या आज वर्गावर्गांतून खडू ठेवण्यास आहेत. तिचे नाव, गाव आणि ती हे कोणाकडून शिकली, ते मुलांनी टोपलीच्या बुडाशी लिहिले. पुठ्ठ्याचा असीरगड मुलांनी मागून घेतला व दिवाळीच्या किल्ल्यात वापरून संपविला.

एक कार्ड नियमात बसले नाही. पाठकोऱ्या कागदाचे आहे, घडी घातलेले. वर पेन्सिलीने काढलेला आकाशकंदील, आत काहीच नाही. नाव नाही, वर्ष नाही, अक्षर नाही. आठवीच्या मुलांनी ते लगद्याच्या ढिगात टाकले होते. मी ते उचलून टेबलाच्या खणात ठेविले. खण उघडताना ते हाती लागते, आणि मी पुन्हा एकदा ते उलटे करून पाहतो.